माला झिमेटबाउम
माला झिमेटबाउम (२६ जानेवारी, १९१८ - १९४४) या आउश्वित्झ-बर्केनाउ या नाझी छळछावणीतील ज्यू कैदी होत्या. छावणीत मिळालेल्या कामाचा उपयोग त्यांनी इतर स्त्री-कैद्यांना वाचवण्यासाठी केला. एडेक गालिन्स्की यांच्यासोबत त्यांनी केलेले पलायन प्रसिद्ध आहे.

सुरुवातीचे जीवन
माला यांचा जन्म पोलंडमधील ब्झेस्को येथे झाला. त्या लहान असताना कुटुंब बेल्जियममधील अँटवर्प येथे स्थायिक झाले. १९४२ मध्ये त्यांना अटक झाली व मेखेलेन येथून सप्टेंबर महिन्यात आउश्वित्झला पाठवण्यात आले. तेथे त्यांना १९८८० हा क्रमांक मिळाला.

छावणीतील कार्य
अनेक भाषा येत असल्यामुळे त्यांची दुभाषी व निरोप्या म्हणून नेमणूक झाली. त्यामुळे त्यांना छावणीत तुलनेने मोकळेपणाने वावरता येई. रुग्णालयातून सुटलेल्या अशक्त स्त्रियांना त्या हलकी कामे मिळवून देत. गॅस कोठडीसाठी रुग्णांची निवड होणार असल्याचे कळताच त्या रुग्णांना आधी सावध करत. कैद्यांचे निरोप त्यांच्या आप्तांपर्यंत पोहोचवण्याचे कामही त्या करत.

पलायन
गालिन्स्की हे पोलिश राजकीय कैदी (क्रमांक ५३१) होते. जून १९४० मध्ये आउश्वित्झला आलेल्या पोलिश कैद्यांच्या पहिल्या तुकडीत त्यांचा समावेश होता. छावणीत स्त्री-पुरुष कैद्यांच्या भेटीगाठींवर बंदी असतानाही दोघांमध्ये प्रेमसंबंध जुळले. २४ जून, १९४४ रोजी गालिन्स्की एसएस रक्षकाच्या गणवेशात, तर माला त्यांच्या देखरेखीखाली कामाला निघालेल्या कैद्याच्या रूपात छावणीबाहेर पडल्या. सुमारे दोन आठवडे मोकळे राहिल्यानंतर ६ जुलै रोजी ते पकडले गेले.

मृत्यू
दोघांना अकरा क्रमांकाच्या इमारतीतील कोठड्यांत वेगवेगळे ठेवून त्यांची चौकशी करण्यात आली. गालिन्स्की यांना बर्केनाउ येथे फाशी देण्यात आली. माला यांनी शिक्षेच्या वेळी लपवून आणलेल्या पात्याने स्वतःच्या मनगटाची शीर कापली आणि अडवणाऱ्या एसएस रक्षकाच्या तोंडात मारली. त्यांचा अंत नेमका कसा झाला, याविषयी प्रत्यक्षदर्शींच्या साक्षींत एकवाक्यता नाही.

स्मृती
गालिन्स्की यांनी कोठडीच्या भिंतीवर दोघांची नावे व क्रमांक कोरले होते. त्यांनी मित्र विएस्वाव किएलार यांच्याकडे सोपवलेल्या दोघांच्या केसांच्या बटा आउश्वित्झ संग्रहालयात जतन केल्या आहेत. इटालियन लेखक प्रीमो लेव्ही यांनीही माला यांच्याविषयी लिहिले आहे.