गाईला वाचवणारी शेळी : एका उशिरा ओळखलेल्या साथीचा इतिहास

१/ सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या जळगाव जामोदसारख्या तालुक्यात शेळी हे अल्पभूधारकाचे आणि भूमिहीनाचे हाताशी असलेले धन. दवाखाना, शाळा, लग्नकार्य, काहीही अडले की एक बोकड बाजारात जाते. या धनाचा एक मोठा शत्रू भारतात १९८७ पर्यंत ओळखलाच गेला नव्हता.

२/ तो म्हणजे पीपीआर हा विषाणूजन्य रोग. आधी ताप, नाकाडोळ्यांतून स्राव, तोंडात व्रण. मग हगवण आणि फुफ्फुसदाह. माणसाला तो होत नाही, पण त्याचा घाव बसतो तो माणसाच्या संसारावरच.

३/ ओळख पटायला उशीर का झाला? कारण हा विषाणू गुरांच्या बुळकांडीच्या विषाणूचा जवळचा नातलग. मराठीत आजही पीपीआरला ‘शेळ्यांची बुळकांडी’ म्हणतात.

४/ बुळकांडीने गुरांचे गोठे ओस पडत. अशा पशुरोगांच्या अभ्यासासाठी १८८९ मध्ये पुण्यात इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी स्थापन झाली. १८९३ मध्ये ती कुमाऊँतील मुक्तेश्वरला हलली. आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था ती हीच.

५/ १९२०च्या दशकात तेथे जे. टी. एडवर्ड्स यांनी बुळकांडीचा विषाणू एका शेळीतून दुसऱ्या शेळीत असा वारंवार वाढवून सौम्य केला. त्यातून गुरांसाठी लस आली. गाय वाचली ती शेळीच्या आधाराने!

६/ शेळीच्या स्वतःच्या रोगाचे पहिले वर्णन १९४२ मध्ये पश्चिम आफ्रिकेतील आयव्हरी कोस्टमध्ये झाले. तरीही तो बुळकांडीचाच एक प्रकार असल्याचा समज टिकून राहिला. १९७०च्या दशकाअखेरीस तो स्वतंत्र विषाणू असल्याचे सिद्ध झाले.

७/ भारतात तो प्रथम १९८७ मध्ये तमिळनाडूतील अरसूर गावी आढळला. १९९०च्या दशकात महाराष्ट्रातील शेळ्यांमध्येही त्याची नोंद झाली. त्यापूर्वीच्या काही साथी बुळकांडी किंवा साध्या फुफ्फुसदाहाच्या नावाखाली झाकल्या गेल्या असाव्यात, असे पशुवैद्यक मानतात.

८/ बुळकांडीची लस शेळ्यांनाही पीपीआरपासून वाचवत असे. पण देश बुळकांडीमुक्त झाल्याचे सिद्ध करायचे, तर ती लस थांबवणे भाग होते. लसीमुळे रक्तात आलेली प्रतिपिंडे आणि खऱ्या संसर्गाची प्रतिपिंडे वेगळी ओळखता येत नव्हती. गाईच्या मुक्तीसाठी शेळीचे कवच काढून घ्यावे लागणार होते. म्हणून मुक्तेश्वरमध्येच ‘सुंगरी ९६’ ही पीपीआरची स्वतंत्र लस तयार झाली.

९/ २०११ मध्ये जग बुळकांडीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. देवीनंतर पृथ्वीवरून नाहीसा झालेला हा दुसराच रोग. २०१५ मध्ये, ज्या आयव्हरी कोस्टमध्ये पीपीआर प्रथम नोंदला गेला, तेथील आबिजान शहरातच २०३० पर्यंत त्याच्या उच्चाटनाचे लक्ष्य ठरले.

१०/ ही लस एकदा टोचली की किमान तीन वर्षे संरक्षण देते. परंतु शेळ्यांचा कळप दरवर्षी बदलतो : मोठी जनावरे विकली जातात, नवी करडे जन्मतात आणि त्यांना लस नसते. म्हणून एकदाची मोहीम पुरत नाही. गाईचा रोग संपवायला शतकाहून अधिक काळ लागला. शेळीच्या वाट्याला तेवढा धीर आणि तेवढेच सातत्य येते का, यावर सातपुड्याच्या पायथ्याच्या अनेक घरांची मिळकत अवलंबून आहे.