कोयनेच्या धरणाची मान

'कोयना' हे नाव मला पहिल्यांदा नीट भेटलं ते एका सॉफ्टवेअरच्या मॅन्युअलमध्ये. काँक्रीटला तडा कसा जातो, हे शिकवणारं उदाहरण म्हणून तिथे आपलं धरण होतं.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे सुमारे ६.५ रिश्टरच्या भूकंपाने कोयनानगर कोसळलं. पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. १०३ मीटर उंच धरण मात्र उभं राहिलं. म्हणून 'धरणाला काही झालं नाही' असं आपण ऐकत आलो.

झालं होतं. वरच्या भागात, जिथे मागच्या बाजूचा उतार एकदम बदलतो, तिथे दोन्ही अंगांना आडवे तडे गेले होते.

कोयना रबल काँक्रीटचं धरण आहे. ते स्वतःच्या वजनावर पाणी अडवतं. दाब ते आरामात झेलतं, ताण मात्र नाही. दख्खनचा खडक स्थिर, या समजुतीने भूकंपाचं बळ वजनाच्या ५ टक्के आणि तळापासून माथ्यापर्यंत सारखंच धरलं होतं. प्रत्यक्षात धक्का कितीतरी पट मोठा होता, शिवाय धरण हलतं तेव्हा माथा जास्त झुलतो. जड डोकं, बारीक मान. तडा मानेतच गेला.

पुढे तडे बुजवले, मागून काँक्रीटचे टेकू दिले. गणित चुकलं होतं, तरी धरण टिकलं. खाली कराड होतं, हे आठवलं की मला ते मॅन्युअल नुसतं उदाहरण वाटत नाही.