पाच जणांचा संघ आणि उरलेला वर्ग

स्पर्धा म्हटली की आपल्याला पाठांतर आणि घड्याळ आठवतं. पण १९६७ साली वॉर्सात पहिलं आंतरराष्ट्रीय भौतिकशास्त्र ऑलिम्पियाड झालं, तेव्हापासून तिथे लेखी प्रश्नांच्या जोडीला प्रयोगही आहे. आता ५० पैकी २० गुण प्रयोगाला असतात. मोजमाप कसं घ्यायचं, त्यातली त्रुटी कशी कमी करायची, याचा विचार विद्यार्थ्यानंच करायचा.

भारत यात १९९८ साली उतरला. संघाची अंतिम निवड आणि तयारी मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात होते. २०१५चं ऑलिम्पियाडही याच केंद्रानं मुंबईत भरवलं. संघात मात्र मुलं पाचच! मग बाकीच्यांचं काय? १९७४ साली स्थापन झालेल्या या केंद्राचं सुरुवातीचं काम जळगाव जिल्ह्यात, खिरोदा परिसरातल्या ग्रामीण शाळांमध्ये झालं होतं, हे इथे आठवावं.

संघात पाचच जण जातील. प्रश्न मात्र सगळ्यांना देता येतो. दोरा, दगड आणि घड्याळ वापरून गुरुत्व त्वरण किती अचूक काढता येईल? कुणी दोरा लांब घेईल, कुणी वीस आंदोलनांचा वेळ मोजून वीसनं भागेल. उत्तराइतकेच गुण या युक्त्यांनाही देऊ या. स्पर्धेचा खरा उपयोग आम्हाला तिथे दिसतो.