लाइम रीजिसची मेरी

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम रीजिस नावाचं छोटं गाव आहे. जुना दगडी धक्का, उताराच्या गल्ल्या, समुद्राला लागून उंच कडे. सुटीत तिथे पर्यटकांची गर्दी असते. या गावाचं नाव जगात नेलं ते एका सुताराच्या मुलीनं.

मेरी अ‍ॅनिंगचा जन्म १७९९चा. १८१० मध्ये वडील गेले, मागे कर्ज राहिलं. हिवाळ्यात दरडी कोसळल्या की मेरी त्यातून जीवाश्म, म्हणजे दगड झालेले जीव, शोधून विकायची. १८२३ मध्ये तिला प्लेसिओसॉर या प्राचीन समुद्री प्राण्याचा जवळजवळ अख्खा सांगाडा सापडला. लंडनमध्ये त्यावर निबंध वाचला गेला. त्यात तिचं नावही नव्हतं. तिथल्या भूविज्ञान संस्थेनं बायकांना सभासद करून घेतलं ते १९१९ मध्ये. मेरी १८४७ मध्येच गेली होती.

तिच्या घराच्या जागी आज संग्रहालय आहे. २०२२ मध्ये गावात तिचा पुतळा उभा राहिला, तोही एका शाळकरी मुलीनं सुरू केलेल्या मोहिमेमुळे. मैत्रिणींनो, बाईच्या कामाची नोंद आपोआप होत नाही. कुणीतरी ती करावी लागते.