अंगावरची जखम आणि कायद्याची यादी

त्वचेचा कर्करोग हा गोऱ्या लोकांचा रोग, असे आपल्याकडे सुशिक्षित माणसेही सांगतात. त्यात अर्धे खरे आहे. आपल्या कातडीतला रंग उन्हाची धार बोथट करतो, आणि म्हणून ऑस्ट्रेलियासारख्या देशात उन्हामुळे जो कर्करोग सर्रास दिसतो तो आपल्याकडे फार थोडा आढळतो. परंतु कातडीचा कर्करोग केवळ उन्हानेच होतो असे नाही. तो काजळीने होतो, कोळशाच्या डांबराने होतो, यंत्राच्या तेलाने होतो, भाजल्याच्या जुन्या व्रणात होतो, आणि वर्षानुवर्षे एकाच जागी आवळलेल्या गाठीखालीही होतो. यांतली कोणती गोष्ट कोणाच्या वाट्याला येते, हे श्रोत्यांना मी सांगायला नको.

मी डॉक्टर नव्हे. माझी शाळा सातवीत सुटली, आणि पुढे जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीत, नुकसानभरपाईचे अर्ज लिहिता लिहिता वाचले. तेव्हा हा इतिहासही मी अर्जदाराच्या बाजूने सांगणार आहे.

इतिहासाचा आरंभ लंडनमध्ये होतो. १७७५ साली पर्सिव्हल पॉट नावाच्या शस्त्रवैद्याने लिहून ठेवले, की धुराडी साफ करणाऱ्या माणसांना वृषणाच्या कातडीवर एक व्रण होतो, तो काजळीमुळे होतो, आणि तो कर्करोग असतो. त्या काळी पाच-सहा वर्षांची गरिबाघरची पोरे अरुंद धुराड्यांत चढवीत. काजळी अंगाच्या घड्यांत बसे, आणि रोग उगवे तो ती पोरे मोठी झाल्यावर. एखादा कर्करोग माणसाच्या धंद्यामुळे होतो हे इतक्या स्पष्टपणे प्रथमच कोणी सांगितले होते. १७८८ मध्ये कायदा झाला, की आठ वर्षांखालील मूल या कामाला ठेवू नये. तो कोणी पाळला नाही. १८४० मध्ये आणखी एक झाला, १८६४ मध्ये आणखी एक. धुराडी साफ करणाऱ्याला पोलिसांचा परवाना लागेल असा कायदा १८७५ मध्ये आला, आणि मग कुठे ती प्रथा मोडली. त्याच साली न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. रोगाचे कारण कळल्यापासून ते बंद होण्यास शंभर वर्षे लागली, आणि या शंभर वर्षांत नव्या औषधाची वाट कोणी पाहत नव्हते.

औषधाची गरज नव्हती असे मी म्हणतो त्याला आधार आहे. १८९२ साली बटलिन नावाच्या इंग्रज डॉक्टराने शोध घेतला, की हाच धंदा करणाऱ्या युरोपातील इतर देशांच्या लोकांना हा रोग इतका कमी का होतो. त्याला आढळले, की ते अंगभर घट्ट कपडे घालतात आणि काम संपल्यावर रोज सर्वांगाला आंघोळ करतात. साबण, पाणी आणि कपडा! पुढे १९१५ साली जपानमध्ये यामागिवा आणि इचिकावा यांनी सशाच्या कानाला महिनोन्‌महिने डांबर चोळून कर्करोग उत्पन्न करून दाखविला, तेव्हा प्रयोगशाळेचाही शिक्का बसला.

गिरणी कामगारांशी या गोष्टीचा संबंध येतो तो लँकेशायरमध्ये. तेथे ‘म्युल’ नावाच्या साच्यावर सूत निघे. साचेवाला दिवसभर पुढेमागे जाणाऱ्या साच्यावर वाकून तुटलेला धागा जोडी, आणि फिरत्या चात्यांचे तेल उडून त्याची विजार भिजत राही. १९२२ साली मँचेस्टरच्या दोन डॉक्टरांनी इस्पितळातील जुने कागद चाळले. वृषणाच्या कर्करोगाच्या रोग्यांत जवळजवळ निम्मे म्युलवरचे साचेवाले निघाले. तेलाचा दर्जा आणि ठराविक मुदतीची तपासणी सक्तीची करणारे नियम मात्र आले १९५३ मध्ये, म्युल जुना होऊन भंगारात जाऊ लागल्यावर. आपल्याकडे नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये जमशेटजी टाटांनी रिंगचे साचे १८८० नंतरच्या दशकातच आणले आणि देशभर पुढे रिंगच चालली. आपल्या लोकांची कातडी वाचली असेल तर ती अशी, रिंगवर माल अधिक निघतो म्हणून.

साचा गेला, पण तेल गेले नाही. ते लेथवर आले. गेस्ट, कीन अँड नेटलफोल्ड्‌स या कंपनीतील स्टोक्स नावाचा कामगार पंधरा वर्षे तेलकट यंत्रांवर वाकून काम करीत होता. १९६६ साली तो याच कर्करोगाने वारला. त्याच्या विधवेने दावा लावला आणि १९६८ साली जिंकला. न्यायालयात बाहेर आले ते असे, की कंपनीच्या डॉक्टरला हा धोका माहीत होता, त्याच कारखान्यात आधी एक मृत्यू झालेला होता, तरीही कामगारांना पत्रक देऊन सावध केले नव्हते आणि ठराविक मुदतीची तपासणीही ठेवली नव्हती. का, तर कामगार घाबरतील! न्यायाधीशांनी हे कारण मानले नाही. आम्हा युनियनवाल्यांना हे कारण नवे नाही. फक्त ते न्यायालयात क्वचितच कोणी कबूल करतो.

आता आपल्या घरी येऊ. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला, गिरण्यांच्या भोंग्यांच्या टप्प्यात, टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले. तेथील प्रयोगशाळांचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी डॉ. सूर्याबाई यांच्यासह १९४५ साली एक निबंध प्रसिद्ध केला. लोकांच्या राहणीच्या सवयींतून उत्पन्न होणारे कर्करोगाचे तीन नवे प्रकार त्यात वर्णिले होते. त्यांतला एक धोतराचा. धोतराची गाठ कमरेला रोज एकाच जागी बसते, कातडी घासते, घामाने भिजते, काळी पडते, जाड होते, चिरते, आणि क्वचित पुष्कळ वर्षांनी तेथे कर्करोग धरतो. हा रोग विरळाच. धोतर नेसणाऱ्यांनी घाबरण्याचे कारण नाही. मला मोलाचे वाटते ते हे, की खानोलकरांनी रोग्याला कपड्याविषयी विचारले. व्रण कमरेवरच का, हे विचारल्यावाचून त्या व्रणाला नाव मिळाले नसते.

मग साडीचे काय? पुढे डॉक्टरांनी साडीचा कर्करोगही नोंदविला. २०२४ साली वर्ध्याच्या आणि बिहारच्या डॉक्टरांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या एका नियतकालिकात दोन म्हाताऱ्या बायांची हकीकत दिली. एकीला परकराच्या नाडीखाली व्रण झाला होता. दुसरी जन्मभर लुगडे कमरेला घट्ट आवळून नेसणारी. पहिलीचा व्रण दीड वर्षाचा, दुसरीचा दोन वर्षांचा, आणि दुसरीचा रोग जांघेतल्या गाठींत उतरलेला. कातडीवरचा रोग हा डोळ्यांना दिसणारा रोग आहे. पोटातल्यासारखा लपलेला नाही. लवकर पाहिला तर लहानशा शस्त्रक्रियेने बहुधा निभावतो. मग दीड आणि दोन वर्षे कोठे गेली? हळद लावण्यात गेली, परक्या पुरुषाला कंबर दाखविण्याच्या लाजेत गेली, रोजाच्या खाड्यात गेली. भाजलेल्या बायांचे असेच होते. पायावरचा जुना व्रण पुन्हा फुटतो, तो भरत नाही, आणि घरातले म्हणतात, हा तिचा जुनाच आहे.

कायद्याने या रोगाला फार पूर्वीच ओळखले आहे. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या धंदेवाईक रोगांच्या यादीत तो पुढे घातला गेला. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या परिशिष्टातही तो होता, म्हणजे रोगी आढळताच मालकाने आणि डॉक्टरने सरकारला कळवायचे. २०२० साली संसदेने ज्या नव्या श्रमसंहिता केल्या त्यांतही ही यादी आहे. भोसरी-पिंपरीच्या छोट्या वर्कशॉपांत मी टर्नर लोकांना या यादीविषयी विचारतो. एकालाही ती ठाऊक नसते, आणि खिशात तेलाचे फडके असतेच. आजचे शुद्ध केलेले तेल जुन्या तेलाइतके घातक नाही, तसेच रस्त्यावरचे खनिज डांबर कोळशाच्या डांबराइतके वाईट नाही, असे शास्त्र सांगते, आणि ते मी मान्य करतो. पण स्वस्त, जुने, पुन्हा पुन्हा वापरलेले तेल कोणत्या दर्जाचे आहे हे छोट्या शेडमध्ये तपासतो कोण?

उपचाराची सोय पूर्वीपेक्षा पुष्कळ झाली आहे हे नाकारणे अन्यायाचे होईल. २०१२ साली जीवनदायी योजना आली, तिला २०१७ साली महात्मा जोतिराव फुले यांचे नाव दिले गेले, आणि कर्करोगाच्या शस्त्रक्रियेचा खर्च गरिबाच्या अंगावरून बराच उतरला. दादरची गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा परगावच्या रोग्यांना आसरा देते. परंतु योजना सुरू होते निदान झाल्यावर. निदानापूर्वीच्या दीड वर्षाचे काय? तीस वर्षांवरील सर्वांची तपासणी करण्याचा जो सरकारी कार्यक्रम आहे त्यात कर्करोगांपैकी तोंड, स्तन आणि गर्भाशयाचे मुख पाहतात. तोंड उघडून पाहणाऱ्या त्याच बाईने “अंगावर न भरणारी जखम आहे का?” एवढे विचारले तर एक मिनिट लागेल. बायांना ते बाईनेच विचारावे आणि आडोशाला विचारावे.

दवाखान्याच्या केसपेपरवर धंद्याचा रकाना असला तरी तेथे बहुतेक वेळा ‘मजुरी’ असते. मँचेस्टरचे कागद असे असते तर त्या दोन डॉक्टरांना त्यांतून काहीच निघाले नसते. म्हणून आमच्या संघटनेत आम्ही सभासदाच्या कार्डामागे तीन गोष्टी लिहून देतो: कोणते यंत्र, कोणते तेल, किती वर्षे. दवाखान्यात जाताना कार्ड बरोबर न्यावे, असे सांगतो. काही डॉक्टर ते बाजूला सारतात. काही मात्र उलटून वाचतात, चष्मा वर करतात आणि रोग्याला म्हणतात, “विजार सोडा, पाहू द्या.”