तळटीप : परसातला हीट पंप

१२. लेखिकेच्या लीड्समधील घरामागचा हा खोका एसीच्या बाहेरच्या युनिटसारखा दिसत असला, तरी तो घर गरम करण्यासाठी आहे. त्यात प्रोपेन वायू खेळवलेला असतो. प्रोपेन उणे ४२ अंशांनाच उकळतो, म्हणून गारठलेल्या हवेतूनही तो उष्णता शोषून घेतो. कॉम्प्रेसरने दाबल्यावर तापतो आणि ती उष्णता रेडिएटरच्या पाण्याला देतो. एक युनिट विजेत सुमारे तीन युनिट उष्णता मिळते.

बसवताना सर्वांत जास्त लक्ष द्यावे लागते ते निचऱ्याकडे. कडाक्याच्या थंडीत यंत्राच्या पत्र्यांवर बर्फ धरतो. यंत्र काही मिनिटे उलटे चालून तो वितळवते आणि पाणी खाली ठिबकते. ते वाटेवर सोडले तर रात्रीत गोठते आणि सकाळी घरातलेच कोणी घसरून पडते. म्हणून काँक्रीटच्या ओट्यालगत खडी भरलेला शोषखड्डा हवाच. इथे घाई करणे मुळीच परवडत नाही. घरात जाणाऱ्या दोन्ही पाइपांना जाड वेष्टन असते. वीज गेल्यावर त्यांतले पाणी गोठून पाइप फुटू नये, यासाठी वेगळा व्हॉल्व्ह बसवतात.

लेखिकेने रेडिएटर बदलल्याचा उल्लेख ओझरता केला आहे, पण तो महत्त्वाचा आहे. गॅस बॉयलर बहुधा ६०-७० अंशांचे पाणी फिरवतो, तर पंप ४५-५० अंशांवर काटकसरीने चालतो. कोमट पाण्याने खोली तापवायची, तर रेडिएटर मोठे लागतात. इंग्लंड-वेल्समध्ये हीट पंप बसवण्यासाठी ऑक्टोबर २०२३ पासून ७,५०० पौंडांचे सरकारी अनुदान मिळू लागले. — संपा.