आतड्यातली गाठ नेमकी कोणाची?

जठराच्या किंवा आतड्याच्या अस्तराचा तिळाएवढा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आहे. पेशींचे गोलसर पुंजके दिसतात, एखाद्या पुंजक्यात अनेक केंद्रके असलेली महापेशीही आढळते. या पुंजक्याला ग्रॅन्युलोमा म्हणतात. जे नष्ट करता येत नाही, त्याच्याभोवती शरीराने घातलेला हा वेढा असतो. वेढा दिसतो, पण आत कोण कोंडले आहे ते दिसत नाही. क्षयाचा जंतू, क्रोनचा आजार, बुरशी, एखादे औषध किंवा सारकॉइडोसिस, यांपैकी काहीही असू शकते.

हा केवळ नावाचा वाद नाही. सारकॉइडोसिसवर स्टेरॉइड देतात. तेच औषध क्षयाच्या रुग्णाला एकटे दिले तर दबलेला जंतू मोकाट सुटतो. उलटपक्षी, नसलेल्या क्षयाची औषधे महिनोन्‌महिने घेणाऱ्याच्या यकृताला इजा होऊ शकते.

या रोगाची पहिली ओळख पोटातून नव्हे, त्वचेवरून झाली. लंडनमध्ये जोनाथन हचिन्सन यांनी 1869 मध्ये एका कामगाराच्या हातापायांवरचे जांभळट चट्टे पाहिले. 1899 मध्ये नॉर्वेच्या सेझार बोएक यांनी अशा गाठींतल्या पेशी तपासल्या. त्या त्यांना सार्कोमा या कर्करोगासारख्या, पण निरुपद्रवी वाटल्या, म्हणून ‘सारकॉइड’. नावाचा आधार चुकीचा ठरला, नाव मात्र राहिले. त्वचा, फुप्फुसे, लसिकाग्रंथी यांत पसरलेला हा एकच आजार आहे, हे पुढे स्वीडनच्या यॉर्गेन शाउमान यांनी दाखवले.

पोटाच्या बाजूने इतिहास वेगळ्याच वाटेने चालला होता. लहान आतड्याच्या शेवटी जाड झालेला भाग सापडला की शल्यविशारद त्याला बहुधा क्षय म्हणून मोकळे होत. 1913 मध्ये ग्लासगोच्या डॅलझील यांनी जंतू न सापडणारे असे रुग्ण नोंदवले. 1932 मध्ये न्यूयॉर्कच्या क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपेनहायमर यांनी 14 रुग्णांच्या आधारे या विकाराला स्वतंत्र स्थान दिले. म्हणजे क्षयाच्या कप्प्यातून एक आजार वजा झाला. सारकॉइडोसिसलाही असेच वजा करून काढावे लागते, आणि माझ्या मते या निदानाचा सगळा इतिहास वजाबाकीचाच आहे.

वजाबाकी टाळणारी एक थेट चाचणी हाती आली होती. नॉर्वेच्या अन्सगार क्वाइम यांनी 1941 मध्ये सारकॉइडोसिसच्या रुग्णाच्या ऊतकाचा अर्क त्वचेत टोचला. काही आठवड्यांनी तिथे तशीच गाठ उठे. चाचणी अनेक वर्षे वापरात राहिली. मग 1969 मध्ये ब्रिटिश संशोधकांना क्रोनच्या काही रुग्णांतही ती सकारात्मक आढळली. म्हणजे जिथे फरक कळायला हवा होता, नेमक्या त्याच जागी शंका उभी राहिली. शिवाय प्रमाणित अर्क मिळणे कठीण, आणि मानवी ऊतकातून संसर्ग जाण्याची भीती. आज ही चाचणी वापरातून जवळपास गेली आहे.

दरम्यान पोटाच्या आत पाहण्याची सोय झाली, आणि तिच्या मुळाशी एक भारतीय नाव आहे. पंजाबातल्या मोगा येथे जन्मलेले नरिंदर सिंग कपानी यांनी हॉपकिन्स यांच्यासह 1954 मध्ये ‘नेचर’मध्ये लवचीक काचतंतूंतून प्रतिमा नेण्याची रीत मांडली. त्यावरून प्रेरणा घेऊन अमेरिकेत बेसिल हिर्शोविट्झ यांनी 1957 मध्ये जठर पाहणारी लवचीक दुर्बीण वापरात आणली. पोट न फाडता तुकडा काढता येऊ लागला, तेव्हा हेही नीट कळले की पचनमार्गातला लक्षणे देणारा सारकॉइडोसिस शंभरात एकाहूनही कमी रुग्णांत असतो, आणि असला तर बहुतेकदा जठरात. (यकृताची गोष्ट निराळी, तिथे गाठी पुष्कळदा असतात, पण बहुधा मुकाट.)

भारतात हा आजार जवळपास नाहीच, असे 1950 च्या दशकापर्यंत मानले जाई. कोलकात्याचे एस. के. गुप्ता यांनी पूर्व भारतातल्या रुग्णांच्या नोंदी पुढे प्रसिद्ध केल्या, तेव्हा तो नव्हता असे नाही, ओळखला जात नव्हता, हे दिसले. क्षयाची सावली एवढी दाट होती.

ती अजूनही आहे. क्षयाच्या गाठीत मध्यभागी पनीरासारखा मृत भाग असतो आणि सारकॉइडोसिसमध्ये नसतो, असे पुस्तके सांगतात. पण आतड्यातून घेतलेल्या वरवरच्या तुकड्यात क्षय असूनही तो भाग पुष्कळदा सापडत नाही. जंतूही इतके थोडे असतात की रंगद्रव्याने दिसत नाहीत. जनुकीय चाचण्यांनी मदत केली. बेंगळुरूत विकसित होऊन गोव्यात तयार होणाऱ्या ‘ट्रूनॅट’ला 2020 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली. तरी आतड्याच्या तुकड्यात अशा चाचण्यांचा ‘नाही’ म्हणजे क्षय नाहीच, असे म्हणता येत नाही.

मग उरतो औषध देऊन पाहण्याचा मार्ग. क्षयाची औषधे सुरू करायची आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालायची. क्रोन आणि क्षय वेगळे करायला ही रीत उपयोगी पडते. सारकॉइडोसिसमध्ये मात्र तिच्यात एक खोच आहे: तो अनेकदा आपोआपच ओसरतो, आणि श्रेय औषधाला जाते. म्हणून छातीचे सीटी स्कॅन, डोळ्यांची तपासणी, त्वचेवरची एखादी जुनी गाठ यांत दुसरा पुरावा शोधावा लागतो. एकट्या जठरातल्या ग्रॅन्युलोमावर विश्वास ठेवता येत नाही.

या पुराव्यांत एक जुनी, स्वस्त चाचणीही आहे. 1908 पासूनची माँटू चाचणी सारकॉइडोसिसमध्ये बहुधा नकारात्मक येते. युरोपात त्याला फारसा अर्थ नाही, कारण तिथे निरोगी माणसांतही ती सहसा नकारात्मकच असते. भारतात प्रौढांपैकी मोठ्या हिश्श्याच्या शरीरात क्षयाचा जंतू कधीतरी येऊन गेलेला असतो, त्यामुळे इथला नकार बोलका ठरतो. चंदीगडच्या पीजीआय संस्थेतल्या अभ्यासाने 2003 मध्ये हेच दाखवले. अर्थात कुपोषणात आणि सर्वांगभर पसरलेल्या क्षयातही ती नकारात्मक येऊ शकते, त्यामुळे हातावरचे ते सपाट वर्तुळ पाहणारा डॉक्टर रुग्णाचे वजनही त्याच वेळी करून घेतो.